३१ वॉचर, बोली शून्य: डिचोलीतल्या एका ऑनलाइन लिलावाचा अभ्यास

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी वडिलांच्या दुकानातली जुनी पत्रांची पाकिटं ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर लावली. ३८ पाकिटं, सगळ्यांचा मिळून एक लॉट, मुदत सात दिवस, सुरुवात १५ डॉलरपासून. तिसऱ्या रात्री पडद्यावर दिसत होतं ते असं: पान दोनशेहून जास्त वेळा उघडलं गेलेलं, वॉचर, म्हणजे लक्ष ठेवायला ते आपल्या यादीत टाकून ठेवणारे, ३१, बोली एकही नाही. त्याच रात्री एका ग्राहकाचा निरोप आला. सगळा लॉट ६० डॉलरला घेतो, लिलाव आत्ताच बंद करा, शेवटच्या दिवशी मी प्रवासात असेन.

मास्तरांना वाटलं, देवच पावला. पर्वरीला राहणारी त्यांची भाची, जिने हा सगळा खटाटोप मांडून दिला होता, तिला ते पटेना. पुढच्या दहा-बारा दिवसांत जे घडलं त्यातून ग्राहकांची उत्सुकता दाखवणारे आकडे वाचायचे कसे, हे बऱ्यापैकी कळतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

माल काय होता

मास्तरांच्या वडिलांचं डिचोलीच्या बाजारात दुकान होतं. नारळ, सुपारी, थोडं किराणा. मडगाव, म्हापसा, पणजी इथल्या व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार चाले, दोन-चार पत्रं दमणचीही होती. पत्रं बहुतेक मराठीत, हिशेबाची: अमुक पोती पोचली, तमुक बाकी राहिली. तिकिटं मात्र पोर्तुगीज इंडियाची, म्हणजे पोर्तुगिजांच्या राज्यातल्या गोवा-दमण-दीवची. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या निधनाला ४०० वर्षं झाली म्हणून १९५२ मध्ये निघालेली काही, आणि रुपियाच्या जागी एस्कुदो आल्यावर १९५९ मध्ये जुन्या तिकिटांवर नवे आकडे छापून चालवलेली बरीचशी. सहा एस्कुदोंचा एक रुपिया, असा तो हिशेब होता. मास्तरांना तो अजून तोंडपाठ आहे.

असा माल विकायला ईबेच का, तर याचे संग्राहक विखुरलेले असतात. लिस्बनमध्ये दहा, ब्राझीलमध्ये पाच, मुंबईत चार, लंडनला स्थायिक झालेले गोयंकार दोन. आपल्याकडे ईबेने २००४ मध्ये बाझी डॉट कॉम विकत घेऊन दुकान थाटलं होतं, ते ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झालं. तेव्हापासून इथला विक्रेता तिथे माल लावतो तो परदेशी गिऱ्हाइकासाठी, डॉलरमध्ये.

परदेशी पाठवायचं म्हटलं की एक कायदा आडवा येतो आणि पुष्कळ घरगुती विक्रेत्यांना तो ठाऊकच नसतो. १९७२ च्या पुरावस्तू आणि कला-खजिना कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ऐतिहासिक, वाङ्मयीन वगैरे मूल्य असलेल्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना तर ७५ वर्षांचीच मर्यादा आहे. सुपारीच्या हिशेबाच्या पाकिटाला ऐतिहासिक मूल्य आहे का, यावर वाद घालता येईल. पण तो वाद कस्टमच्या खिडकीशी घालायची हौस कोणाला? भाचीने ३८ पाकिटांच्या तारखा नंतर एकेक करून तपासल्या तेव्हा १९४८ चं एक सापडलं आणि ते बाजूला काढलं. हे काम लिस्टिंग टाकण्याआधी व्हायला हवं होतं. खरं तर सगळ्या गोष्टीची मेख तिथेच आहे: तारखा आधी पाहिल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं.

आकडे काय म्हणत होते

पान किती वेळा उघडलं गेलं, हा आकडा सगळ्यात मोठा असतो आणि सगळ्यात पोकळ. त्यात भेटी मोजलेल्या असतात, माणसं नव्हेत. एकच गृहस्थ रोज चहा पिताना तेच पान उघडत असेल तर आठवड्यात सात भेटी झाल्या. विक्रेत्याच्या आतेभावांनी व्हॉट्सॲपवरच्या दुव्यावर बोट ठेवलं, त्याही त्यातच आल्या. मास्तरांनी लिस्टिंगचा दुवा शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गटावर टाकला होता, हे नंतर कळलं. पहिल्या दिवशीच्या भेटींचा उसळता आकडा तिथून आला होता.

वॉचर हा त्याच्या वरचा दर्जा. कोणीतरी पान पाहिलं आणि नुसतं पुढे न जाता आपल्या यादीत टाकून ठेवलं. पण टाकून ठेवायला पैसा लागत नाही, वचन द्यावं लागत नाही, आणि विक्रेत्याला त्यातला एकही माणूस नावानिशी दिसत नाही. फक्त संख्या दिसते. त्या ३१ जणांत कोण कोण असेल? खरं घेणारे काही. शेवटच्या क्षणापर्यंत गप्प राहणारे काही. असाच माल स्वतः विकणारे आणि भाव कितीला फुटतो ते बघणारे काही. जुन्या कागदांच्या धंद्यात यांचं प्रमाण चांगलंच असतं. आपल्याकडे आहे त्याची किंमत काय, हे पडताळणारे काही. बाकीचे यादीत टाकून विसरून गेलेले.

गावच्या देवळातली पावणी, म्हणजे लिलाव, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. देवापुढच्या फळांची पावणी होते तेव्हा मंडपात दोनशे माणसं असतात आणि आकडा बोलणारे चार. फरक इतकाच की मंडपात चेहरे दिसतात. कोण पुढे सरकून बसला आहे, कोण शेजाऱ्याशी कुजबुजतो आहे, मुंबईहून आलेला कोण आहे, हे पावणी करणारा एका नजरेत ताडतो. ईबेवर मास्तरांच्या हाती मंडपातल्या डोक्यांची मोजणी तेवढी होती.

म्हणून मी असल्या आकड्यांकडे एकाच कसोटीवर बघतो: ही खूण दाखवायला समोरच्याला काय खर्च आला? बँका थकीत कर्जातली घरं ई-लिलावात काढतात तेव्हा राखीव किमतीच्या साधारण १० टक्के अनामत आधी भरून घेतात. तिथे अनामत भरणारे तीन जण असले तर ते तीन खरेच आहेत. वॉच करायला फुकट, म्हणून ३१ म्हणजे किती, हे कोणालाच सांगता येत नाही. प्रश्न विचारायला पैसा लागत नसला तरी वेळ जातो, शिवाय आपल्याला काय हवं आहे ते उघड करावं लागतं. बोलीला सगळ्यात जास्त पडतं, कारण ती बांधून घेते.

या कसोटीने पाहिलं तर त्या लिस्टिंगवरची सगळ्यात वजनदार खूण आकड्यांत नव्हतीच. ती निरोपांच्या पेटीत पडून होती.

दोन प्रश्न, एक पाकीट

६० डॉलरच्या निरोपाआधी तीन प्रश्न आले होते. मास्तरांनी तिन्हींना अगदी सभ्यपणे उत्तरं दिली होती, पण एकत्र ठेवून वाचली नव्हती. एकाला टपालखर्च किती ते हवं होतं. दुसऱ्याने, पोर्तुगालमधून, विचारलं होतं की तिसऱ्या ओळीत उजवीकडून दुसरं जे पाकीट आहे त्याचा पुढचा-मागचा फोटो मिळेल का. तिसऱ्याने विचारलं होतं, खालच्या ओळीतल्या दोन तिकिटांच्या पाकिटावरची शिक्क्याची तारीख वाचता येते का. फोटोत ओळी तीनच होत्या. म्हणजे तिसरी ओळ तीच खालची ओळ, आणि दोन तिकिटांचं पाकीट त्या ओळीत एकच होतं, उजवीकडून दुसरं.

भाचीने शनिवारी पर्वरीहून येऊन ते पाकीट दिव्याखाली धरलं. पिवळट कागद, वरच्या कोपऱ्यात दोन तिकिटं शेजारी शेजारी. डावीकडचं पोर्तुगीज इंडियाचं, उजवीकडचं भारतीय, नकाशाच्या मालिकेतलं, 'नये पैसे' लिहिलेलं. दोन्हींवर मिळून एकच गोल शिक्का, तोही पोर्तुगीज धाटणीचा, मडगावचा. तारीख ३० डिसेंबर १९६१.

"मामा, हे तुम्ही बघितलं होतं?"

"बघितलं म्हणजे काय? दोन तिकिटं आहेत. जादा वजन असेल, म्हणून दोन लावली असतील."

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. त्यानंतर टपाल रातोरात बदललं नाही. भारतीय तिकिटं डिसेंबरच्या अगदी शेवटी लागू झाली आणि जुनी पोर्तुगीज तिकिटं जानेवारी १९६२ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालवून घेतली गेली. दोन्ही देशांची तिकिटं एकाच पाकिटावर आणि वर एकच शिक्का, अशी पाकिटं त्या थोड्या दिवसांतलीच. त्यातही संग्राहकांनी हौसेने स्वतःच्या नावाने बनवून घेतलेली वेगळी आणि एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला सुपारीच्या बाकीबद्दल खरोखर पाठवलेलं वेगळं. दुसऱ्या जातीची दुर्मीळ.

आता तो ६० डॉलरचा निरोप पुन्हा वाचा. ज्याला लॉट आवडला आहे तो १५ डॉलरची बोली लावून मोकळा होईल. सुरुवातीच्या किमतीच्या चौपट देऊ करून लिलाव थांबवायला सांगणारा माणूस तीन गोष्टी कबूल करतो: यात काय आहे हे मला ठाऊक आहे, ते इतरांनाही कळेल अशी मला भीती आहे, आणि ६० ही माझी वरची मर्यादा नाही. प्रवासाची सबब तर फारच तकलादू. ईबेवर आपली कमाल बोली आधी टाकून ठेवता येते, यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरती वाढवत राहते. त्याला विमानात बसून काही करायची गरज नव्हती. शिवाय लिलाव मोडून बाहेरच्या बाहेर व्यवहार उरकणं नियमात बसत नाही, आणि माल गहाळ झाला किंवा पैशावरून वाद झाला तर तिथलं संरक्षणही मिळत नाही.

घाईचा निरोप ही विक्रेत्याला मिळणारी सगळ्यात मोलाची खूण असते, फक्त ती पाठवणाऱ्याला जे हवं आहे त्याच्या उलट दिशेने वाचायची.

दुसरा कोण?

लिलावाच्या शास्त्रात विल्यम विक्री यांनी १९६१ मध्येच, म्हणजे योगायोगाने या पाकिटाच्याच वर्षी, दाखवून दिलं की ज्या लिलावात जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत द्यायची असते तिथे प्रत्येकाने आपल्या मनातली खरी किंमत बोलणंच फायद्याचं असतं. त्यांना १९९६ मध्ये नोबेल मिळालं. ईबेची पद्धत जवळपास हीच आहे: जिंकणारा स्वतःची कमाल रक्कम देत नाही, दुसऱ्याची कमाल अधिक एक पायरी देतो.

विक्रेत्याच्या बाजूने याचा अर्थ अगदी रोकडा आहे. किंमत सगळ्यात वेडा ग्राहक ठरवत नाही, त्याच्या खालोखालचा ठरवतो. कोणी मनात ५०० डॉलर धरून बसला असेल आणि दुसरा कोणीच नसेल, तर माल सुरुवातीच्या किमतीला जातो. म्हणून ३१ वॉचर आहेत की १३१, हा प्रश्न मुळात चुकीच्या जागी आहे. विचारायचं ते असं: दुसरा खरा गिऱ्हाईक आहे का?

तारखेबद्दल विचारणारा आणि ६० देऊ करणारा हे एकाच खात्याचे निघाले. पण पुढचा-मागचा फोटो मागणारा वेगळा होता, पोर्तुगालमधला. म्हणजे त्या एका पाकिटासाठी एकमेकांना न ओळखणारे निदान दोघे होते. भाचीला हवी होती ती खात्री इथे मिळाली, आणि ती वॉचरच्या आकड्यातून कधीच मिळाली नसती.

तिने सुचवलं की लिलाव मागे घेऊ या आणि ते पाकीट एकटं लावू या. बोली आलेली नव्हती, मुदत संपायला अजून तीन दिवस होते, तेव्हा मागे घेणं नियमात बसत होतं. एकदा बोली आली असती की हात बांधले गेले असते, आणि शेवटच्या १२ तासांत तर फारच. नैतिक बाजूही सरळ होती: कोणी पैसा लावलेला नाही, कोणाला वचन दिलेलं नाही.

मास्तरांचा जीव मात्र त्या ३१ मध्ये अडकला होता.

"अगो, एवढी माणसं जमली आहेत, ती उठून जातील ना!"

हा भाव मी पुष्कळ विक्रेत्यांत पाहिला आहे. वॉचरचा आकडा बघता बघता आपल्या मालकीचा वाटायला लागतो. फेसबुक मार्केटप्लेसवर 'हे अजून उपलब्ध आहे का?' असं विचारून गडप होणाऱ्यांची यादी जपून ठेवणारेही असतात. ती माणसं जमलेली नसतात, फक्त येऊन गेलेली असतात. भाचीने मामांशी वाद घातला नाही. तिने एवढंच विचारलं की या ३१ पैकी एकानेही १५ डॉलर का लावले नाहीत. मास्तरांकडे उत्तर नव्हतं. उत्तर आहे, ते पुढे येतं.

पुन्हा मांडणी

दोन लिस्टिंग झाली. एक त्या पाकिटाचं, दुसरं उरलेल्या ३६ पाकिटांचं, पुन्हा १५ डॉलरपासून.

सुरुवातीच्या किमतीवरून घरात खडाजंगी झाली. मास्तर म्हणत, ६० तर तो आधीच देत होता, ६० पासून लावू. भाची २५ वर अडून बसली. तिच्या बाजूने एक अभ्यास आहे: सायमनसन आणि एरियली यांनी २००८ मध्ये ईबेवरचे डीव्हीडींचे लिलाव तपासून दाखवलं की आधी बोल्या पडलेल्या लिलावाकडे नवे बोली लावणारे ओढले जातात, आणि कमी किमतीपासून सुरुवात केली की त्या बोल्या लवकर पडतात. पण डीव्हीडी हजारोंनी असतात आणि त्या घेणारेही. या पाकिटाचे घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांना कळप ओढून आणत नाही. मी असतो तर ५० ला लावलं असतं, दोघांपैकी एक ऐनवेळी फिरलाच तर निदान तेवढे हाती राहिले असते. भाचीचं चाललं, आणि तिचं नशीब चांगलं निघालं.

दुसरा वाद पाकिटातल्या पत्राचा. संग्राहकाच्या दृष्टीने आतलं पत्र हा पाकीट खरं असल्याचा पुरावा. मडगावच्या व्यापाऱ्याने सहा ओळींत बाकी मागितली होती आणि शेवटी 'सर्व क्षेम' लिहिलं होतं, मुक्तीनंतर अकराव्या दिवशी. मास्तर ते द्यायला तयार झाले नाहीत. शेवटी पत्राच्या वरच्या भागाचा, तारखेसकट, फोटो लावला आणि पत्र विक्रीत नाही असं स्पष्ट लिहिलं. व्यवहार म्हणून हे तोट्याचंच. पण वडिलांचं पत्र होतं, त्याला इलाज नाही.

फोटो मात्र या वेळी नीट काढले: पुढची बाजू, मागची बाजू, शिक्का जवळून, तिकिटांच्या कडा. वर्णनात 'दुर्मीळ' हा शब्द कुठेही घातला नाही. शिक्क्याची जागा, तारीख आणि दोन्ही तिकिटं एवढंच लिहिलं. जाणत्याला तेवढं पुरतं आणि अजाण्याच्या शंका वाढत नाहीत. लिलाव संपायची वेळ लिस्बनच्या रविवारी रात्री आठची ठेवली. थंडीत लिस्बन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट, दीड वाजता. मास्तर झोपले. भाची जागी राहिली.

एकट्या पाकिटाला शेवटपर्यंत वॉचर मिळाले १४. आधीच्या ३१ च्या निम्म्याहून कमी. पहिल्याच दिवशी २५ ची बोली पडली, चौथ्या दिवशी दुसऱ्या कोणाची, किंमत ४१ झाली. मग तीन दिवस शांतता. शेवटच्या तासातही ४१ च. मुदत संपायला अर्ध्या मिनिटाहून कमी असताना तिघे नवे उतरले आणि लिलाव १२०.५० डॉलरला बंद झाला.

शेवटची तीस सेकंदं

शून्य बोलीचं कोडं इथे सुटतं. ऑल्विन रॉथ आणि अॅक्सेल ऑकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबेची तुलना ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली. ईबेवर मुदत ठरलेल्या क्षणी संपते; ॲमेझॉनवर शेवटी शेवटी बोली आली की मुदत आपोआप लांबत असे. शेवटच्या घटकेच्या बोल्या ईबेवर कितीतरी जास्त होत्या, आणि ईबेवर जितका मुरलेला ग्राहक तितका तो उशिरा बोलत होता. त्यांनी संगणक आणि जुन्या दुर्मीळ वस्तू अशी दोन प्रकारच्या मालाची तुलना केली, तेव्हा उशिरा बोलण्याचं प्रमाण दुर्मीळ वस्तूंत जास्त निघालं. कारण उघड आहे. संगणकाची किंमत सगळ्यांना ठाऊक असते. जुन्या पाकिटाची किंमत जाणत्यालाच ठाऊक असते, आणि जाणत्याने लवकर बोली लावली की ती बोलीच बाकीच्यांना सांगते, इथे बघा, इथे काहीतरी आहे.

म्हणजे अशा मालावर बरेच वॉचर आणि बोली शून्य, हे चित्र निराशेचं असेलच असं नाही. त्यात जाणते दबा धरून बसलेले असू शकतात. पण मोबाइल, मिक्सर, नवी पुस्तकं यांच्यावर तेच चित्र दिसलं तर बहुधा किंमत जास्त आहे. तिथे लपवण्यासारखं गुपित कोणाकडेच नसतं. एकच आकडा, माल बदलला की त्याचा अर्थ उलटतो. वॉचर इतके झाले की इतक्या बोल्या येतील असं गुणोत्तर सांगणारे सल्लागार नेटवर पोत्याने मिळतात. मालाचा प्रकार न विचारता ते गुणोत्तर सांगत असतील तर त्यांचं ऐकू नये.

१२०.५० हा आकडाही वाचण्यासारखा आहे. ईबेवर १०० ते २४९.९९ डॉलरच्या टप्प्यात पायरी अडीच डॉलरची असते. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाने कमाल ११८ टाकले होते, त्यावर एक पायरी चढली आणि लिलाव संपला. जिंकणाऱ्याने मनात किती धरलं होतं, १२५ की ४००, हे मास्तरांना कधीच कळणार नाही.

बोली लावणाऱ्यांची नावं बाकीच्यांना झाकलेली दिसतात, विक्रेत्याला उघडी. भाचीने त्याच रात्री यादी पाहिली. ११८ टाकणारा तोच, ६० डॉलरमध्ये अख्ख्या ३८ पाकिटांचा लॉट मागणारा. प्रवास बहुधा रद्द झाला असावा. चौथ्या दिवशी किंमत ४१ वर नेणारा पोर्तुगालचा, फोटो मागणारा. तो तिथेच थांबला.

आणि जिंकला तो तिसराच. त्याने प्रश्न विचारला नव्हता, निरोप पाठवला नव्हता, आधीची बोलीही लावली नव्हती. १४ वॉचरमध्ये तो होता की नाही, हेसुद्धा कळायला मार्ग नाही. वजनदार खुणांचा मी इतका डंका पिटला, पण त्याही फक्त बोलणाऱ्यांना पकडतात. प्रश्नांनी आणि घाईने दोघे असल्याची खात्री दिली, आणि त्या खात्रीवर पाकीट वेगळं काढण्याचा निर्णय घेता आला. तिसरा कुठून आला ते कोणत्याच खुणेने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ११८ वाल्याचा निरोप हजर. असंच आणखी एखादं पाकीट असेल तर माझी ११८ ची बोली धरा. हरलेल्याला त्याच्या बोलीच्या किमतीत माल देऊ करायची सोय तिथे आहे, जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत तर किंवा तसाच दुसरा नग असेल तर. जिंकणाऱ्याने पैसे लगेच भरले आणि तसा दुसरा नग नव्हता. मास्तरांनी तसं कळवलं, आणि खाली एक ओळ स्वतःहून वाढवली: आपल्याला प्रवास सुखाचा झाला असेल अशी आशा आहे. भाची ती ओळ काढा म्हणत होती.

उरलेल्या ३६ पाकिटांच्या लॉटला नऊ वॉचर आले, पान पुष्कळदा उघडलं गेलं, आणि बोली एकच पडली, १५ डॉलरची. दुसरा कोणी आला नाही, म्हणून १५ लाच गेला. मास्तरांच्या मते भाव पडला. माझ्या मते त्या लॉटची तेवढीच किंमत होती, आणि पहिल्या ३१ पैकी जे खरे घेणारे होते ते बहुतेक त्या एका पाकिटासाठीच थांबलेले असणार. पणजीच्या मुख्य पोस्टातून दोन्ही पार्सलं गेली. घरी अजून एक पत्र्याची पेटी आहे, १९६२ ते ६५ ची. ती लावायच्या आधी भाचीने मामांना सगळ्या तारखा वहीत उतरवून काढायला बसवलं आहे.